शीग

सत्तावीस वर्षं मी ट्रक तोलले
सावर्ड्याच्या काट्यावर, पत्र्याच्या केबिनमध्ये.
भरलेला वजा रिकामा, बरोबर माल.
एवढंच गणित, आणि वहीच्या पानापानांत लाल धूळ.
मग खाण बंद झाली.
काट्याच्या फटींतून पावसाळ्यात टाकळा उगवतो,
तो खुडायला बायका येतात.

आता शनिवारी कपेलामागच्या खोलीत बसतो.
पूर्वी तिथे मयताच्या वेळचे दिवे, फेस्ताच्या कमानी,
सायबिणीचा एक मोडका मुकुट.
आता पोती. उकडे तांदूळ, मसूर, वाटाणे,
गुळाची ढेप मुंग्यांसकट,
आणि पोदेराने न खपलेल्या म्हणून दिलेल्या पोयी,
कडक, पण चहात बुडतात.

काटा माझा. माप एर्मेलिंदा बार्रेतोचं:
दूधपावडरीचा जुना डबा, कडेला गंज.
ती भरते, मी तोलतो.
पाच किलो झाले की मी मान हलवतो,
आणि मग तिचा हात पुन्हा पोत्यात जातो.
एक मूठ. वर.

महिन्याला अकरा किलोंची घट.
फादर इलिदियोंना हिशेब मी द्यायचा.
म्हटलं, बाय, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.
म्हणाली, "कांटो तुजो, हात म्हजो,"
आणि पुढच्या माणसाची पिशवी उघडून धरली.

पैसे येतात ते कोरेज्मात.
चाळीस दिवस वाड्यावरची बारा-तेरा घरं मासळी घेत नाहीत.
बाजारात मात्र जातात,
इसवणाच्या डोळ्यात बघतात, भाव विचारतात,
आणि तेवढे पैसे घरी येऊन डब्यात टाकतात.
सांतानने घासाघीस करून भाव वीस रुपयांनी उतरवला
आणि उतरलेला भाव टाकला.
एर्मेलिंदा संध्याकाळी त्याच्या दारात:
ते वीस?

रांगेत टिपरवाल्या बाबलोची बायको,
गवंड्याच्या हाताखालची विजापूरकडची दोन पोरं,
म्हातारी बेनवीन, जिचा मुलगा बोटीवर आहे
असं ती सांगते.
वहीत नाव नाही, देव नाही.
फक्त घरात माणसं किती.
बेनवीन सहा सांगते.
ती एकटी राहते, मांजरं धरली तरी चार भरतील.
मी सहा लिहितो.

खाण बंद झाली त्या वर्षी
एका पहाटे आमच्या फाटकाला पिशवी टांगलेली.
बायको म्हणाली, कुणाची तरी चुकून राहिली असेल.
दोन दिवस आत घेतली नाही आम्ही.
तिसऱ्या रात्री घेतली, दिवा न लावता.
मी कारकून. घरच्या काट्यावर तोलली:
पाच किलो एकशे साठ ग्रॅम.
काटा बिघडलाय असं ठरवलं
आणि भात टाकला.

मागच्या महिन्यात एर्मेलिंदा पाणी प्यायला गेली
तेव्हा तिची मूठ मी वेगळी तोलली.
एकशे साठ.
पुढच्या वेळी एकशे पंचावन्न; बोटं सुजली होती.
तिला काही विचारलं नाही.
वहीत 'घट' खोडून 'शीग' लिहिलं,
फादरांनी चष्मा वर करून पाहिलं,
आणि सही केली. थोडी तिरपी.

आज तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं.
म्हणाली, तू घाल.
माझा हात मोठा. दोनशे दहा दाखवलं काट्याने.
जास्तीचे दाणे पोत्यात परत सोडायला
मी मूठ जरा सैल केली.
ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.
बेनवीन पिशवीचं तोंड
दोन्ही हातांनी ताणून उभी होती.