जस्ताचा डाग

खाण बंद पडली तेव्हा कंपनीने आधी तारा नेल्या,
मग खांब, मग दवाखान्याचं दारसुद्धा.
राहिला तो घरावरचा पत्रा, वाऱ्यात बडबडणारा,
आणि बाबांच्या उजव्या हातातली थरथर.
ओरुरोच्या डॉक्टरने तिचं नाव चिठ्ठीवर लिहिलं होतं.
चिठ्ठी आम्ही हरवली.

तीस वर्षं त्यांनी पाळण्याची मोटर सांभाळली,
माणसांना डोंगराच्या पोटात सोडणारी,
बहुतेकांना वर आणणारी.
एका संध्याकाळी म्हणाले, बासिलिया, पत्रा कापायची कात्री आण.

छपराच्या कोपऱ्याची बोटभर पट्टी
स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवर धरली.
जस्त आधी चमकलं, मग ओघळलं,
मग त्यावर साय आली,
गरम असताना पिवळी, निवल्यावर पांढरी.
"खिडकी उघड," ते खोकत म्हणाले,
"माझ्या फुफ्फुसाला काय, सवय आहे."

ओटच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर तांब्याचे एकशे वीस वेढे.
सत्त्याऐंशीला मांजराने शेपूट घातलं,
पुन्हा एकपासून.
कपॅसिटर म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी
आणि दोन चंदेऱ्यांच्या मधे, मेण लावून,
संपाचं एक जुनं पत्रक.
आठ सेल, चार घरांतून उसने.
सुईच्या जागी रेंबेर्तोच्या चारांगोची तार.
तो सीमेपार काळामाला गेला, वाद्य ठेवून.
त्याला विचारलं नाही.

"साधी तार भल्या माणसासारखी," बाबा सांगू लागले,
"जास्त रेटा, जास्त वाहते.
पण या सायीवर कुठेतरी राईएवढी एक जागा असते,
तिथे उलटं. जितकं रेटावं तितकी आखडते."
"मावशीसारखी?"
"तुझ्या मावशीच्या आईसारखी.
आणि सगळं चालतं ते त्या हट्टावर.
कॉइलमधला झोका एरवी दमतो, थांबतो.
ही जागा त्याला हरवलेलं तेवढंच परत देते,
फेरीमागे फेरी."

जागा कशी शोधायची ते त्यांना ठाऊक,
पण तार टेकवली की त्यांचा हात तिला नाचवायचा.
मग हात माझा, डोळे त्यांचे.
डावीकडे. श्वास सोडू नकोस. नाही, मेली. पुढे.
तीन रात्री अशा गेल्या.
आणि सापडली तरी कळणार कसं?
रेडिओ तर आम्ही पिठासाठी विकला होता.

चौथ्या रात्री घळीपलीकडून दोन्या एदुविगेसचा आवाज आला,
भुंकणाऱ्या कुत्र्यांच्याही वर:
"कोण मेलं शीळ घालतंय माझ्या नाटकात?
पोर बापाला सत्य सांगणार एवढ्यात शीळ!"

बाबा हसले. मी त्यांना असं हसताना
पाळण्याचा दोर तुटायच्या आधी पाहिलं होतं.

मी तार दाबून धरली, नखाखाली पांढरं होईस्तोवर,
आणि बाबांनी कपड्याच्या चिमट्याची कळ दाबली.
पाळण्याच्या घंटेची खूण: तीन ठोके,
म्हणजे आत माणसं आहेत, सावकाश.
पण बोट थरथरलं,
तिनाचे सात झाले, नऊ झाले,
मोजायला गेलं तर काहीच नाही.

पलीकडे एदुविगेसचा नवरा फेर्मीन,
वीस वर्षं तळाशी घंटा वाजवणारा,
आता कानाने अर्धा.
बराच वेळ काही झालं नाही.
मग त्यांच्या खिडकीत कंदील वर गेला,
खाली आला,
तीनदा,
अगदी सावकाश.

बाबांनी हात मांडीवर ठेवला.
थरथर चालूच होती, तिच्या लयीत.
त्यांनी तिला दुसऱ्या हाताने दाबलं नाही.

सकाळी जागा मेलेली.
तार तिथेच, साय तिथेच, आवाज नाही.
मी पट्टी उलटीसुलटी करत बसले
तेव्हा ते वर बघून म्हणाले,
अख्खं छप्पर आहे की अजून.