बर्फासाठी दोन किलो स्टार्च

तालिनमध्ये बाहेर खराखुरा बर्फ पडलाय गुडघाभर,
पण मायक्रोफोनला तो पटत नाही.
म्हणून माइमू बटाट्याचा स्टार्च
लोकरीच्या मोज्यात भरते, तोंड बांधते
आणि दाबते : करर्र. करर्र.
आता बर्फ.

पडद्यावर पेन्सिलीचं अस्वल चाललंय.
एका पावलाला बारा कागद,
आणि बाराही मिळून वजन शून्य.
माइमू त्याला वजन देते मुठीतून, खांद्यातून,
थोडं दातओठ खाऊनही.
नखांसाठी हातमोज्याला शिवलेल्या पेपरक्लिपा.
धाप मात्र तिची स्वतःची.

सगळं जुळतं. फक्त डावं पाऊल
दरवेळी तिच्या मुठीमागे राहतं,
केसभर.
ती चित्र मागे नेते. पुन्हा. पुन्हा.
मग आइवारला फोन लावते :
"तुझं अस्वल लंगडतं का रे?"

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
"अस्वल नाही," तो म्हणतो. "मी.
आरशासमोर चालून चालून काढलं होतं.
वाटलं, कुणाला दिसणार नाही."

"दिसत नाहीच," माइमू म्हणते
आणि डाव्या पावलासाठी
मोजा जरा सैल बांधते.

संध्याकाळी शेजारची हेल्वे दार वाजवते.
पाहुणे आलेत, किसेल घट्ट होत नाहीये,
दोन चमचे स्टार्च असेल का?
माइमू मोज्याची गाठ सोडते.
मोजा धुतलेला आहे का, हेल्वे विचारत नाही.

वाटीत पडताना
तो जराही वाजत नाही.