गेलाव, वाय.

जर्नलचा नियम सतरावा :
आधी आडनाव, मग स्वल्पविराम,
मग नावाचं पहिलं अक्षर, टिंब,
वर्ष कंसात.
प्रजातीचं नाव तिरकं, खंड ठळक,
पानांच्या आकड्यांमध्ये आडवी रेघ, पण जराशी लांब.
(छोटी चालत नाही. छोटीपायी एकदा सगळं परत आलंय.)

बाहिर दारला रात्री नवाला वीज जाते.
लॅपटॉपमध्ये चौतीस टक्के,
यादीत एकसष्ट नावं.
जर्मन आपापल्या जागी बसतात, पोर्तुगीज कुरकुरतात,
'दा' कुठल्या बाजूला धरायचा यावर त्यांचं त्यांच्यातच जमत नाही.
तीन वांग, तिघांचं अक्षर एकच, वर्षही एकच.
त्यांना २०१४ अ, ब, क अशा
वेगवेगळ्या खोल्या दिल्या.

मग येशीहारेग.

माझ्या बाई. ताना सरोवरातल्या माशांची
गाबोळी भिंगाखाली धरून
दाणा दाणा मोजणाऱ्या.
चुकलं तर पहिल्यापासून.
'अंदाजे' हा शब्द त्यांच्यापुढे कुणी काढत नसे.

आमच्यात आडनाव नसतं.
पहिलं नाव आपलं, दुसरं बापाचं,
संपलं.
पण रकाना लाल होतो, पुढे जाऊ देत नाही.
आणि प्रबंधाची तारीख : पागुमे ४, १९९५.
आमचं पंचांग सात-आठ वर्षं मागून चालतं,
आणि पागुमे हा तेरावा महिना,
पाच दिवसांचा, त्या वर्षी सहा.
यादीत महिने बाराच.
मी बाईंना उचलून सप्टेंबर २००३ मध्ये ठेवलं,
भाड्याच्या घरात सामान ठेवावं तसं,
उघडलंही नाही.

संपादकांना लिहिलं : पूर्ण नाव छापाल का?
त्या आता नाहीत.
उत्तर दुसऱ्याच दिवशी, सौजन्याने भरलेलं :
भावना समजली. शैली एकसारखी हवी.

म्हणून गेलाव.
म्हणजे त्यांचा बाप,
शाळेची पायरी न चढलेला,
पपायरसच्या पेंढ्यांच्या टंक्वा होड्या बांधणारा.
जगात आता त्रेचाळीस ठिकाणी छापून आलाय.
गेलाव यांनी दाखवून दिल्याप्रमाणे.
गेलाव यांचे निष्कर्ष पाहता.
गेलाव यांच्याशी आम्ही सहमत नाही.

रविवारी पान घेऊन किनाऱ्यावर गेले.
तो पेंढी आवळत होता,
गुडघा रोवून, दोर दातात.
"तुम्ही यात आहात," म्हटलं.
त्याने पान घेतलं, उलटं.
मी सुलटं केलं. बोट ठेवलं.
दोर काढून म्हणाला, "काय म्हणतो मी?"
"की नदीला पाणी चढलं की मासे
वर शिरतात, अंडी घालायला."
"हे तर सगळ्यांना माहीत आहे."
"बेल्जियममधला एक जण मानत नाही."
"त्याला पावसाळ्यात पाठव," म्हणाला,
आणि हसला, दोनच दात घेऊन.

मग म्हणाला, "मी काही मोजलं नाही हं.
मी नुसतं तिला नेलं.
ती पुढे बसायची, बरण्या मांडीत,
हलवू नका म्हणायची.
टंक्वा कुणाला न हलवता नेता येते?"

मी काही बोलले नाही.

"आणि ती? ती कुठे?"

बोट पुढे सरकवलं, स्वल्पविरामापलीकडे.
"ही. वाय."

"एवढीशी?"

पाण्यावर कुणाची तरी होडी जड होऊन चालली होती,
दोनेक महिन्यांची असावी,
पाणी पिऊन कडेपर्यंत आलेली.
तो तिच्याकडे पाहत राहिला, कामाच्या नजरेने.
मग पुन्हा पानाकडे.

"आणि हे टिंब?"
"नियम आहे. अक्षरानंतर द्यायचं."

त्याने नखाने ते चाचपलं,
उचलून येतं का पाहिलं,
काचेवरून गाबोळीतला एक दाणा
फुटू न देता उचलावा तसं.
नाही आलं.

पान मला दिलं
आणि दोर पुन्हा दातात धरला.