वीस मिनिटं

सकाळी सव्वासात. कॅनडा कॉर्नर.
लॅबचं शटर अर्धंच वर गेलेलं,
मी वाकून आत.

नईम म्हणतो, ताई, आधी वीस मिनिटं निवांत बसा.
धावत आलात, घाबरलात,
तर आकडा वाढतो
आणि आजार लपतो.

म्हणजे भीती रक्ताला थोडं सावरून धरते.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

जेल रोडवरून दोन रिक्षा बदलल्या,
द्वारकेच्या सिग्नलला धूर खाल्ला,
निवांत कशी बसू?
बसते.

फॉर्मवर प्रश्न :
कुटुंबात कुणाला रक्तस्रावाचा त्रास?
पुढची रेघ माझ्या करंगळीएवढी.
सिन्नरची शेवंतामावशी, दुसरं बाळंतपण,
पहाटेपर्यंत अंगावरून जात राहिलं
आणि उजाडल्यावर सगळे म्हणाले, बाहेरचं झालं.
आईची एक दाढ काढली, तर उशीचे चार अभ्रे.
दर महिन्याला तिचं मागच्या दारी धुणं,
अंधार असताना,
आणि एकच वाक्य :
आपल्याकडे असंच असतं.

मी लिहिते, ‘आई, मावशी’.
पुढं ‘बहुतेक’ लिहून खोडते.

प्रेसमध्ये सोळा वर्षं मी नोटा तपासतेय.
शाई फुटलेली, नंबर सरकलेला,
बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागून.
तीच बोटं
दंडावरच्या जांभळ्या डागांवर पावडर लावून
रोज कामाला जात राहिली.

गेल्या महिन्यात केतकीचा घोळणा फुटला,
भूगोलाच्या तासाला.
बाईंनी कांदा हुंगवला.
पाऊण तास थांबेना.
घरी आणली, तोंड धुतलं,
आणि माझ्या तोंडून निघालं, आपल्याकडे…
तिनं मान वर केली.
काय असतं आपल्याकडे?

निळ्या टोपणाची नळी. बरोबर खुणेपर्यंत,
कमी नको, जास्त नको.
चिठ्ठीवर मी : मंदाकिनी गांगुर्डे, वय ३७.
नईम सुई काढतो, कापूस दाबतो,
अंगठा लवकर उचलत नाही.
पुण्याला जाईल, म्हणतो, बर्फात. दहा दिवस.
एका खेपेला सापडेलच असं नाही, ताई.
परत यावं लागलं तर या.

जिन्यातच केतकीचा फोन.
दुखलं का?
नाही.
मग कळलं का?
काय?
आपल्याकडचं.

इतक्यात नाही, म्हणते,
आणि कापूस उचलून बघते. ओलाच.
पर्समधून वीजबिल काढते, त्याच्या पाठीवर लिहिते :
सात त्रेपन्न, अजून चालू.