साडेपाचची खरखर

मोडेमवर चार दिवे आहेत.
दुसरा लाईनचा. साडेपाचला तो
लुकलुकायला लागतो, आणि देगलूरच्या वकिलांची सतरा पानं,
म्हणजे माझी सबंध दुपार,
एकसष्ट टक्क्यांवर बसकण मारते.

बंद करा. तीस आकडे मोजा. चालू करा.
फिल्टर उलटा लागलाय का बघा.
पिन काढा, फुंकर मारा, परत घाला.
सगळं केलं. फुंकर तर दोनदा.
हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, मॅडम,
मोडेम ठेवलंय कुठं?
म्हटलं, शिवणयंत्रावर.
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मुजाहिद केबलवाला गेटातूनच म्हणाला,
भाभी, कशाला त्या तांब्याच्या नादी लागायलाव?
टीव्हीच्याच वायरीतून नेट देतो, चौपट.
तासाभरात कडुनिंबावरून, मग
उदावंतांच्या टाकीला वळसा घालून
काळी जाड वायर खिडकीत आली.
चौपट होतं. खोटं कशाला बोलू.
दुपारी.

रात्री आठला मात्र
आठ दिवसांनी नळ सुटल्यावर
गल्लीनं एकदम मोटारी लावाव्यात, तसं व्हायचं,
आणि आमचं घर लाईनीत शेवटचं.
लाईट गेली की खांबावरचा त्याचा डबा झोपायचा.
घरात माझं इन्व्हर्टर जागं,
मोडेम जागं, मी जागी,
आणि बाहेर अख्ख्या नळेगाव रोडवर
पाठवायला वाट नाही.

तांबं हळू, पण अंधारात जिवंत.
केबल जोरात, पण लाईटीवर जीव.
दोन्ही ठेवायचे तर वकिलांच्या पानांना
दर वाढवून मागावा लागेल,
आणि ते वकील आहेत.

शेवटी तक्रार क्रमांक घेऊन सोनकांबळे आले.
रिटायर व्हायला चार महिने,
खिशात पक्कड, सायकलला बांधलेला टेस्ट-फोन.
मोडेमकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
दुपारभर चहा घेत बसले.
साडेपाच झाले, रिसीव्हर उचलला,
कानाला लावला, डोळे मिटले,
मग माझ्यापुढं धरला. ऐका.

खर्रर्र, खर्रर्र,
मधेच एक गचका, परत खर्रर्र.
माझ्या कानात कुणीतरी ज्वारी दळत होतं.

बिराजदारांची गिरणी! मागच्या बोळात,
रोज ह्याच वेळेला पट्टा चढतो.
आमची वायर त्यांच्या मोटारीच्या मीटरवरून
हातभर अंतरानं गेलेली, एकोणीस वर्षं,
वरचं प्लॅस्टिक उन्हानं तडकलेलं,
आणि जोडावर खार आलेला, मिठागत पांढरा.
एकोणीस वर्षं सगळी गल्ली
माझ्या फोनमधून पीठ करून नेत होती.

नवी वायर? ऑफिसात स्टॉक नाही.
शिडी? ती उदगीरला एकच,
आज तोंडारला गेलेली.
सोनकांबळे पायरीवर बसले आणि
तंबाखू मळायला लागले. मला वाटलं, संपलं.

मुजाहिदच बिल मागायला आला होता.
त्यानं वर बघितलं, सोनकांबळ्यांकडं बघितलं,
मग गाडीवरची स्वतःची शिडी काढून भिंतीला लावली.
काका, तुम्ही नका चढू.
वायर तुमच्यातलीच आहे माझ्याकडं, वीस मीटर,
कुठून आली विचारू नका.
खालून सोनकांबळे ओरडायला लागले,
अरे गिरमिटासारखी पिळू नको,
तांबं घासून घे आधी, चमकेपर्यंत!
ह्यानं वरून विचारलं, एवढं कशाला घासायचं?
त्यांनी सांगितलं. ते बराच वेळ सांगत होते.
बिल मागायचं तो विसरून गेला.

आता वायर उदावंतांच्या बाजूनं येते.
साडेपाच होतात, दुसरा दिवा
हलत नाही, सतरा पानं
सावकाश, एकामागे एक, देगलूरला जातात.
मी सवयीनं रिसीव्हर उचलते.
आत नुसता डायल टोन, धुतल्यासारखा.

एकच अडचण झालीय.
दळण झालं की नाही ते बघायला
आता बोळात जावं लागतं.