झाकण

इना खोऱ्यातल्या कारखान्यात मित्सुयो
काचेच्या पेटीत रबरी हात घालून
तांदळाएवढ्या डबीवर झाकण ठेवते.
दोन चाकं कडेकडेने फिरतात,
ठिणगी नाही, धूर नाही,
नुसती एक लालसर रेघ.
आत कोरडा नायट्रोजन,
क्वार्ट्झची चकती
आणि आजचा मंगळवार.

पुढच्या टेबलावर हेलियम
शिवणीशिवणीत नाक खुपसून बघतो.
तिच्या डब्या गळत नाहीत.

गावात मात्र बोलतात,
मित्सुयोच्या पोटात काही राहत नाही.
कुणाचं लग्न मोडलं, कुणी शेत विकलं,
संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडावर
सगळ्यांना ठाऊक.

फक्त मार्चमधल्या त्या फोनबद्दल
ती अजून कुणाशी बोललेली नाही.
पाळी संपते.
हातमोज्यांतून हात काढते.
बोटं ओली.