नमुना क्रमांक बारा

शिवारात हळद शिजायला लागली की
वसमतमध्ये कुणाला वेगळा वास येत नाही,
बाहेरून आलेले तेवढे शिंकतात.
मी दिवसभर सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये
लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासते.
संध्याकाळी घरी येऊन, हात दोनदा धुऊन
मैदा चाळते.

भिशीच्या पैशातून ओव्हन घेतला तेव्हा
विश्वंभर म्हणाले, भाकरी होते का त्यात?
नाही होत. करून बघितली.
तो नमुना क्रमांक एक.

वही दवाखान्यातलीच, लांबट.
तारीख, नमुना, निरीक्षण, शेरा.

चार : ज्वारीचं पीठ निम्मं. कापताना भुगा.
पोरांनी दुधात कालवून खाल्ला, म्हणजे फुकट नाही गेला.
पाच : कारळं भाजून, कुटून.
वास चटणीचा. चवही चटणीचीच.
सात : लाल अंबाडीची बोंडं, शिजवून गाळून.
भांड्यात होता तोवर रंग असा की बघत राहावं,
भाजून निघाला तो ओल्या सिमेंटचा.
नऊ : मोसंबीची साल. सगळं जमलं होतं,
तेविसाव्या मिनिटाला लाईट गेली.
मधोमध खड्डा. शेरा : महावितरण.

दहा आणि अकरा लिहिलेले नाहीत.
शेजारच्यांच्या शेळीला विचारा.

बारावा परवाचा.
काढणीच्या आधी हळदीचा पाला कापून
बांधावर टाकतात, तिथंच वाळतो तो.
मुंजाजीच्या रानातून दोन हिरवी पानं आणली,
बटर पेपरच्या जागी डब्याच्या तळाशी अंथरली.
वर गूळ, लोणी, मैदा, ताक,
घरच्या हळदीचा एक चमचा. दीड असेल.

सोडा नीट मिसळला नसणार.
डबा पालथा घातला, पान सोलून काढलं,
तर पिवळ्यात जागोजाग लाल,
चांगले रुपयाएवढे ठिपके.

थोरल्या जाऊबाई, भामाबाई, लसूण सोलत होत्या.
"काय गं माय, कुंकू टाकायलीस का पिठात?"
मी सांगितलं, हळदीला सोडा लागला की लाल होतं.
चुना लागला तरी होतं. दुसरं काही नाही त्यात.
"एवढंच?"
एवढंच.

भाऊजी जाऊन चौदा वर्षं झाली.
संक्रांतीला बायका यायला लागल्या की
भामाबाई मागच्या दारी भांडी घासायला काढतात.
घासलेलीसुद्धा.

त्यांनी लसणाचे हात पदराला पुसले.
सगळ्यात लाल होता तो तुकडा उचलला,
ठिपक्यावर बोट दाबलं,
बोट उलटून पाहिलं. काही लागलं नव्हतं.
मग खाल्ला.
"गूळ कमी पडला. अन् बुडाला वास कशाचा येऊ लागला?"
पानाचा.
"तो ऱ्हाऊ दे."
आणि अजून एक घेतला, तोही लालच.

रात्री वहीत लिहिलं :
गूळ वाढवणे. पान ठेवणे.
सोड्याच्या रकान्यात पेन बराच वेळ धरून बसले,
मग झोप यायला लागली.

आज दुपारी दवाखान्यात फोन आला :
सोडा कोणत्या डब्यात असतो?
दोन पांढऱ्या पुड्या दिसायल्यात.
मी म्हटलं, मी येईपर्यंत थांबा.
"थांबते," म्हणाल्या,
आणि मागं चमच्याचा आवाज येतच राहिला.